पीसी मधेच आपोआप रीस्टार्ट होतोय, विंडोज दोनदा टाकून झालं

रात्रीचा_किडा
मंडळी डोकं उठलंय. चार वर्षं जुना असेंबल केलेला पीसी आहे, गेले तीन आठवडे कधीही रीस्टार्ट होतो. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, धाडकन काळं आणि परत मदरबोर्डचा लोगो. गेम खेळताना झालं असतं तर समजलो असतो की तापतोय, पण परवा तीन तास गेम चालला तेव्हा काही नाही आणि काल नुसतं वर्डमध्ये टाइप करत होतो तर दोनदा झालं. विंडोज ११ दोनदा नव्याने टाकलं, आतली धूळ उडवली. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ येतं आणि ते सर्च केलं की सगळे म्हणतात एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदल. घेऊ का नवीन?

डोळे_झाकून
एसएमपीएसच. माझाही असाच गेला होता.

जुना_खोका
थांब रे, लगेच घेऊ नकोस. ४१ म्हणजे विंडोज एवढंच सांगतंय की मागच्या वेळी मी नीट बंद झालो नाही, कारण त्यात नसतं. त्या एंट्रीच्या डिटेल्समध्ये बगचेककोड बघ. शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही असं समज, दुसरा आकडा असेल तर तो क्रॅश आहे, त्यावरून ड्रायव्हर वगैरे शोधता येईल. आणि स्टार्टअप अँड रिकव्हरीत जाऊन ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढ, नाहीतर निळी स्क्रीन आली तरी तुला दिसायची नाही.

रात्रीचा_किडा
शून्यच आहे. टिक काढली, तरी तेच.

वायरींचा_गुंता
मी असते तर आधी रॅम बघितली असती. बायोसमध्ये (मदरबोर्डची स्वतःची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग, चालू असेल तर बंद कर. दोन स्टिक असतील तर एकेका स्टिकवर चालवून बघ. आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ (रॅम तपासायचा प्रोग्राम) लाव, एक जरी एरर आली तरी ती रॅम बाद समजायची.

रात्रीचा_किडा
लावला आत्ताच, समोर बसून बघत होतो. एकही एरर नाही पण मधेच तोच रीस्टार्ट झाला 😭

जुना_खोका
अरे मग हे फार कामाचं निघालं! मेमटेस्ट चालतो तेव्हा विंडोज लोडच झालेलं नसतं, म्हणजे विंडोज, ड्रायव्हर, व्हायरस सगळं यादीतून गेलं. रॅम अगदीच सुटली असं नाही, पण ती खराब असेल तर बहुतेक वेळा लाल एरर दिसतात.

आता साइडचं झाकण काढ आणि रीस्टार्ट होईल तेव्हा पंख्यांकडे बघ. क्षणभर जरी बंद पडले तरी वीज तुटतेय, मग एसएमपीएस, मागची पॉवर केबल, एक्स्टेन्शन बोर्ड, २४ पिनवाला कनेक्टर सैल आहे का हे सगळं बघायचं. बायोसमध्ये १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत हवी, पण ती तिथे ठीक दिसली म्हणून एसएमपीएस ठीक असं नाही हां, पाव सेकंदाची डुबकी त्यात दिसत नाही. पंखे फिरतच राहिले तर मात्र वेगळी गोष्ट.

रात्रीचा_किडा
फिरतच राहतात! पॉवरचा लाइटपण जात नाही. आत्ताच झालं डोळ्यांसमोर.

जुना_खोका
मग मला कॅबिनेटच्या रीसेट बटणाचा संशय आहे, ते दाबलं गेलं की वीज न तुटताच पीसी रीस्टार्ट होतो. पीसी बंद कर, मागचा स्विच ऑफ कर. मदरबोर्डच्या खालच्या कडेला कॅबिनेटमधून आलेल्या बारक्या वायरी असतात, त्यातला रीसेट लिहिलेला दोन पिनांचा कनेक्टर उपसून बाजूला ठेव. त्याच्यावाचून काही अडत नाही. पॉवर स्विचवाला काढू नकोस म्हणजे झालं, दोन्ही सारखेच दिसतात.

रात्रीचा_किडा
चार दिवस झाले, एकदाही नाही!! 🙏 ते बटण नखाने दाबून बघितलं, टक आवाजच येत नाही, आत जातं आणि आळसावल्यासारखं हळूहळू वर येतं. आणि आता लाज वाटतेय पण सांगतो, टाइप करताना मला पाय हलवायची सवय आहे आणि माझा गुडघा बरोबर कॅबिनेटला लागतो. गेम मी कंट्रोलर घेऊन मागे सरकून खेळतो, म्हणून तेव्हा व्हायचं नाही.

वायरींचा_गुंता
😂😂 म्हणजे मेमटेस्टच्या वेळीही पाय चालूच होता

डोळे_झाकून
तरी चार वर्षं जुना एसएमपीएस आहे, लक्ष ठेव.