मदत हवी आहे: दोन गेट लाइनना एकच क्यू नोड, दुसरी लाइन रेंगाळतेय

नमस्कार मंडळी. ऐरोलीत राहतो, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट: स्क्रीनची कडा बारीक करणं. (हल्ली ठाणे-वाशी लोकलमध्ये शेजारच्याच्या मोबाइलचा व्हिडिओ नाही, त्याची कडाच बघत बसतो.)

स्क्रीनच्या ओळी (गेट लाइन) एकेक करून चालू करणाऱ्या गेट ड्रायव्हरची वेगळी आयसी न लावता काचेवरच टीएफटींचं (पातळ थरांच्या ट्रान्झिस्टरचं) शिफ्ट रजिस्टर, म्हणजे सिग्नल टप्प्याटप्प्याने पुढे सरकवणारं सर्किट, बनवायचं. आडव्या फुल एचडी पॅनेलला गेट लाइन १०८०, म्हणजे कडेला टप्पेही तेवढेच. म्हणून मी दोन लाइनना मिळून एकच क्यू नोड (आउटपुट ट्रान्झिस्टरला चालू ठेवणारा आतला बिंदू) दिला. ट्रान्झिस्टर बरेच वाचले, पण एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये पहिलं आउटपुट झटकन खाली येतं, दुसरं रेंगाळतं. दोन्ही लाइनचे क्लॉक (ठरावीक वेळाने वर-खाली होणारे सिग्नल) वेळेत एकमेकांवर थोडे चढलेले आहेत. पहिला क्लॉक पडतो तेव्हा दुसऱ्याने क्यू नोड वर उचलून धरलेला असतो. दुसरा पडताना धरायला कोणीच नाही. सर म्हणतात, "चालतंय." पण एक लाइन सोडून एक कमी-जास्त उजळ दिसली तर?

दुसऱ्याचा आउटपुट ट्रान्झिस्टर रुंद केला तर वाचवलेली जागा परत जाते. क्लॉकची वेळ बदलू, की त्या लाइनला स्वतंत्र पुल-डाउन (आउटपुट खाली खेचणारा ट्रान्झिस्टर) देऊ? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा ना. टीएफटी अमॉर्फस सिलिकॉनचेच धरून चाललोय.