झिजलेली रायफल तशीच राहू द्या

एकानं आजोबांच्या झिजलेल्या रायफलचं काय करावं असं विचारलं, तर तिला नवं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा संरक्षक थर, करून घ्या असं कुणी सुचवलंय. भाऊ, कृपया करू नका! नागपूरला आमच्याकडेही आजोबांची ३१५ बोअरची रायफल आहे, परवाना आता माझ्या नावावर. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर ती जंगलात गेलीच नाही. मॅगझिनपाशी, म्हणजे काडतुसांच्या कप्प्यापाशी, जिथे तोल साधून ते ती एका हातात धरत, नेमकं तिथलंच पोलाद चांदीसारखं उजळलंय. ती त्यांची मूठ आहे! गंजाचे खड्डे वेगळे, ते हेळसांडीचे. ब्लूइंगआधीच्या पॉलिशमध्ये कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात, ती परत येत नाहीत. लाकडी दस्त्याला मी फक्त जवसाचं तेल बोटानं चोळतो, अगदी थोडं. आपल्या उन्हाळ्यात लाकूड फार कोरडं पडतं.