भूतबंगल्यात पोरं पहिल्यांदा: नागपूरकरांचे अनुभव

मैदानावर मीना बाजार लागला की आकाशपाळणा, टोराटोरा, मौत का कुआँ यांच्या रांगेत शेवटी एक काळ्या कापडाचा तंबू असतोच. बाहेर कवटीचं चित्र, आतून कर्ण्यावर किंकाळ्या. आता मॉलमध्येही एसीतले भूतबंगले निघालेत. माझी सहा वर्षांची लेक सध्या रोज विचारते, ‘कधी नेतेस?’ मुलांना पहिल्यांदा आत नेलं तेव्हा काय झालं? ती कशाला घाबरली, कशाला नाही? सल्ले कमी चालतील, घडलेलं सांगा. वऱ्हाडीत लिहिलं तरी चालेल.

मनीषनगरची आई

आम्ही मॉलमधल्यात गेलो. लेक सात वर्षांची. आदल्या रात्री सगळं सांगून ठेवलं होतं: सांगाडा प्लॅस्टिकचा, रक्त म्हणजे रंग, आवाज स्पीकरचा. सांगाड्याकडे तिनं खरंच ढुंकूनही पाहिलं नाही. पण एका वळणावर वरून लोंबणारे ओलसर दोरे तोंडाला लागले आणि त्याच क्षणी खालून घोट्यावर हवेचा फुस्स झोत आला. पोरगी माझ्या कमरेला अशी बिलगली की बाहेर येईपर्यंत मला सरळ चालता येईना. नंतर ऊसाचा रस पिता पिता म्हणते, “मला माहीत होतं गं सगळं खोटं आहे. माझ्या पायाला नव्हतं माहीत.”

दचकणं डोक्याला विचारून होत नाही, हे तिनं माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं. तेव्हापासून मी ‘त्यात घाबरण्यासारखं काय आहे’ हे वाक्य घरात वापरत नाही.

महालातले आजोबा

आमचा नातू पुण्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बापाच्या खांद्यावर बसून त्यानं काळी मारबत पाहिली तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा असेल. केवढी ती मूर्ती, काय ते तोंड! ढोल-ताशे, गुलाल, माणसांचा लोंढा. पोट्टा टाळ्या पिटत होता आणि ‘घेऊन जा गे मारबत’ असं सगळ्यांसोबत बोबडं ओरडत होता. म्हणून पुढे दोन-तीन वर्षांनी त्याला बिनधास्त भूतबंगल्यात न्यायला निघालो. दारातच पाय रोवले त्यानं. आत काही दिसतही नव्हतं, नुसता अंधार.

मी पुष्कळ विचार केला यावर. मारबत भरदिवसा निघते, सारं गाव तिला शिव्या घालतं, रोगराई घेऊन जा म्हणतं आणि शेवटी ती जाळून टाकतात. ती कुठून आली, कुठे जाणार, सारं डोळ्यांदेखत. तंबूतल्या भुताचं तसं नाही. ते लपून असतं आणि आपण बाहेर आल्यावरही आतच राहतं. नातवाला काही मी हे विचारलं नाही. भेळ घेऊन दिली अन् घरी आलो.

सक्करदऱ्याचा बाप

पोरगा हसत हसत बाहेर आला. माझ्याबद्दल विचारू नका.

मी स्वतः भूत होतो (आता नोकरीला, हिंगणा)

कॉलेजात असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मीना बाजारात भुताचं काम केलं बावा. अंदर काही नसते. बांबू, काळं कापड अन् वाकडीतिकडी गल्ली, म्हणजे दोन पावलांपुढचं दिसलं नाही पाहिजे. भिंतीवर चमकणारे रंग मारतात, त्यावर जांभळी ट्यूब सोडली का कवटी अंधारात पेटल्यावानी दिसते. ट्यूब बंद केली का नुसतं फडकं. बाकी सारं काम आवाजाचं.

बारकं पोट्टं येऊन राहिलं का तिकीटवाला पत्र्यावर दोनदा ठोकायचा. मंग आम्ही अंगावर नाही जायचो, कोपऱ्यात नुसतं हालायचो. सगळीकडे असं करतात का, मले नाही माहीत, तिथं करत होतो. खरा ताप गर्मीचा. मे महिना, नागपूरचं ऊन, त्यात रबराचा मुखवटा! एक पोट्टी माह्यासमोर थांबली, टक लावून पाह्यलं अन् म्हणे, “काका, गरम नाही होत का तुम्हाले?” मी म्हटलं, “होते नं बाई.” तिची माय किंचाळली, कारण भूत बोललं.

धंतोलीची आई

आम्ही आत गेलोच नाही, तरी लिहिते. मुलाला फिट्सचा त्रास आहे. काही जणांना लुकलुकणाऱ्या प्रकाशाने झटका येऊ शकतो. सेकंदाला साधारण 3 ते 30 वेळा होणारी उघडझाप त्यात धोक्याची मानतात. खिडकीवरच्या माणसाला विचारलं, आत तसा लाइट आहे का? ‘थोडासा है’ म्हणाला. थोडासा म्हणजे किती, हे त्याला सांगता येईना. मुलगा रुसला, आकाशपाळण्यावर मानला.

त्रिमूर्तीनगरची मावशी

आमचे भाऊजी अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे जुने कार्यकर्ते. श्याम मानवांनी 1982 साली नागपुरात सुरू केली ती. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकून काडीविना जाळ काढायचा प्रयोग भाच्यानं लहानपणापासून पाहिलेला. त्याला भूतबंगल्यात नेणं म्हणजे शिक्षा. भीती दूरच, “मावशी, वायर इथून गेलीये, पंखा तिकडे आहे,” अशी मोठ्यानं कॉमेंट्री. मागची कॉलेजची मंडळी वैतागली. एकीनं सरळ सांगितलं, “ए भाऊ, आम्ही घाबरायचे पैसे दिले आहेत!” पटलं मला.

प्रतापनगरचे बाबा

मुलगी पाच वर्षांची. अर्ध्यात रडायला लागली, पुढे जाईना, मागून लोक येत होते. तिथल्या एका पोरानं बाजूचं कापड वर उचललं आणि आम्हाला थेट जनरेटरपाशी बाहेर काढलं. अशी वाट बहुतेक ठिकाणी असते, आत शिरण्याआधी विचारून ठेवा. माझं मत विचाराल तर ‘थोडंच राहिलंय, चल’ म्हणून लेकराला ओढत नेऊ नये.

त्यानंतर काही रात्री लाइट चालू ठेवून झोपली. बायकोची बोलणी खाल्ली. मग एका दुपारी पाहतो तर जेवणाच्या टेबलावर सोलापुरी चादर टाकलेली, आत मोबाइलचा टॉर्च, दारात ही तिकिटं फाडत बसलेली. दोन रुपये. आजीला भूत नेमलं होतं. आजी उत्साहानं ‘हूंऽऽ’ करायला लागली तर तिला लगेच दम मिळाला, “तू आवाज नाही करायचा. मी बोट दाखवलं की मगच.” पहिलं गिऱ्हाईक मी. मी आत रांगत शिरलो, तिनं बोट दाखवलं, आजीनं माझा पाय धरला. मी खोटं खोटं ओरडलो तर म्हणाली, “अजून जोरात, बाबा.” आजीचे गुडघे धरेपर्यंत खेळ चालला. मग भुताच्या जागी माझी बदली झाली.