पळसाचे फोटो नुसते केशरी डाग येतायत, काय चुकतंय?

धुऱ्यावरची:
नमस्कार मंडळी, आमचं शेत वाशिमजवळ आहे, धुऱ्यावर (बांधावर) चार पळस आहेत आणि सध्या चारही असे पेटलेत की एस्टीतून लांबूनच दिसतात. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते पुण्यात आमच्याकडे आहेत आणि रोज काकाला फोन करून एकच विचारतात, पयस फुलला काय रे. म्हणून मी आठवड्याची सुट्टी काढून गावी आलेय, त्यांना पळसाचा एक मोठा फोटो, ए३ साइजचा, प्रिंट करून द्यायचाय.
कॅमेरा साधा एंट्री लेव्हलचा डीएसएलआर आहे, २४ मेगापिक्सेल, १८-५५ आणि ५५-२५० (लांबचं जवळ आणणारी) अशा दोन लेन्स. काल सकाळी अकराच्या सुमारास दीडशे तरी फोटो काढले, घरी येऊन लॅपटॉपवर मोठे करून बघितले तर फुलांच्या जागी नुसते केशरी डाग, पाकळी कुठे संपते दुसरी कुठे सुरू होते काही कळत नाही, आणि मागचं आभाळ फिकट. फोकस चुकला म्हणावं तर बाजूची फांदी एकदम शार्प आहे. हिस्टोग्रामही (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघितला होता, तो व्यवस्थित मधोमध होता. रविवारपर्यंत इथेच आहे, कोणीतरी नीट सांगा प्लीज.

रानवाट:
फोकस बरोबर आहे तुमचा, लाल चॅनल जळतोय, म्हणजे लाल उजेड कॅमेऱ्याला झेपतो त्यापेक्षा जास्त होऊन पाकळीतले बारकावे पुसले जातायत. पळस, पांगारा, काटेसावर या तिघांचं हेच दुखणं. फुलातून येणारा जवळजवळ सगळा उजेड लालच असतो, थोडा हिरवा, निळा नसल्यात जमा. तुम्ही जो एकच पांढरा हिस्टोग्राम बघताय ना तो तिन्ही रंग मिळून काढलेला असतो आणि त्यात हिरव्याचं वजन निम्म्याहून जास्त, लालचं एक तृतीयांशाहूनही कमी, म्हणून लाल पार भिंतीला जाऊन आदळला तरी तो आपला मधोमध शांत बसलेला दिसतो. प्लेबॅकमध्ये डिस्प्ले किंवा इन्फोचं बटण दाबत राहा, तीन रंगांचे वेगवेगळे हिस्टोग्राम येतील, त्यातला लाल बघायचा, तो उजव्या काठाला चिकटला नाही पाहिजे.
आता सेटिंग. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-काळपट करायची सेटिंग) आधी उणे ०.७ करा, तरी चिकटला तर उणे १.३ पर्यंत जा. रॉमध्येच काढा, म्हणजे जेपीजी न बनवता कॅमेऱ्याची मूळ कच्ची फाइल. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) डेलाइटवर, क्लाउडी किंवा शेडवर अजिबात नको, ते लाल आणखी चढवतात. पिक्चर स्टाइल व्हिव्हिड किंवा लँडस्केप असेल तर न्यूट्रल करा. तुम्ही म्हणाल रॉला पिक्चर स्टाइलने काय फरक पडतो, तर फाइलला नाही पडत, पण मागच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम कॅमेऱ्याने आत बनवलेल्या जेपीजीवरून येतो, त्यामुळे व्हिव्हिडवर असला की तोच खोटं सांगतो. फोटो जरा काळपट दिसेल, दिसू दे, अंधारलेलं नंतर उचलता येतं पण जळालेली पाकळी परत येत नाही.

सावरीचा कापूस:
वरचं सगळं बरोबर, पण मी म्हणेन आधी अकरा वाजताचं ऊन सोडा. सूर्य उगवल्यावर पहिला तास दीड तास, तेव्हाच जा. एक तर वारा पडलेला असतो, आणि दुसरं म्हणजे ऊन आडवं येतं. पळसाचं एक फूल हातात घेऊन बघा (खाली सडा पडलेला असतो त्यातलं, फांदी नका हो तोडू). पाकळीवर बारीक रेशमी लव असते, समोरच्या उन्हात ती दिसतच नाही, बाजूने ऊन आलं की तीच चंदेरी चमकते आणि पाकळीला एकदम गोलाई येते. मधल्या दोन पाकळ्या मिळून राघूसारखी बाकदार चोच होते, आणि देठाकडचा भाग मखमली, काळपट तपकिरी. फोटोत हा काळपट भाग आला पाहिजेच, त्याच्यावरच केशरी खुलतं. म्हणून मी नेहमी अर्ध्या उमललेल्या घोसावर जाते, टोकाला काळ्या मखमली कळ्या आणि खाली दोनचार पूर्ण फुलं.
आणि मागे आभाळ घेऊच नका. ५५-२५० लावा, २०० च्या पुढे झूम करा आणि अशी जागा धरा की फुलाच्या मागे लांबचं सावलीतलं काहीतरी येईल, नांगरलेली काळी जमीन असेल तर सोन्याहून पिवळं. अ‍ॅपर्चर एफ ८, शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नको, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. अर्धा तास एका जागी गप्प उभं राहिलात तर पळसमैना येतील थव्याने, चोच घालून मध पितात, कपाळाला परागांची पिवळी पावडर लागलेली असते त्यांच्या.

साधाफोन:
माझ्याकडे कॅमेरा नाही, फोनवरच काढतो, पण हीच गोष्ट फोनवर पण होते. फुलावर बोट दाबून धरा, लॉक झालं की ते सूर्याचं चिन्ह खाली ओढा, फूल नीट दिसेपर्यंत. आणि फार जवळ जाऊ नका, बऱ्याच फोनमध्ये जवळ गेलं की आपोआप वाइड लेन्स चालू होते आणि फूल वेडंवाकडं येतं, दोन पावलं मागे येऊन २ एक्स करा. पांढऱ्या फुलांना मात्र उलटं, कुडा, मोगरा वगैरे असेल तर तो सूर्य थोडा वर, नाहीतर पांढरं करडं येतं.

धुऱ्यावरची:
आज पहाटे काकाच्या गाडीवर गेले, सव्वासहाला झाडाखाली. उणे १ ठेवलं, तरी उन्हातल्या एका घोसाला लाल चिकटतच होता मग उणे १.३. आणि ती लव!! इतकी वर्षं या झाडाखाली जेवलेय मी, पत्रावळी लावल्यात याच्या पानांच्या, पण फुलाला लव असते हे आज पहिल्यांदा बघितलं. काळ्या जमिनीची आयडिया पण लागू पडली, शेजारच्यांनी हरभरा काढून रान नांगरलंय, ते मागे घेतलं. आठनंतर वारा सुटला मग थांबले.
एक फोटो छान आलाय, खाली झुकलेली फांदी, चार फुलं आणि कळ्या, एका चोचीवर मुंगळा. बाबांना व्हॉट्सॅपवर पाठवला तर लगेच फोन, हा विहिरीकडचा नं, याची खालची फांदी कोणी तोडली. फांदीवरून झाड ओळखलं त्यांनी.
आता प्रिंटचं सांगा. लॅपटॉपवर जो रंग दिसतोय तो कागदावर येईल का? मागे एकदा जास्वंदीचा फोटो प्रिंट केला होता तो विटकरी आला होता.

रानवाट:
अगदी तस्साच नाही येणार, इतकं भडक केशरी शाईला झेपत नाही, ते आधीच धरून चाला. म्हणून सॅच्युरेशन वाढवायचं नाहीच, उलट लाल आणि नारिंगीचं ५ ते १० ने कमी करा, म्हणजे पाकळीवरच्या शिरा आणि लव कागदावर टिकतील. फाइल एसआरजीबीमध्ये (सगळीकडे चालणारं नेहमीचं रंगांचं प्रोफाइल) सेव्ह करा, दुसऱ्या प्रोफाइलमध्ये दिली आणि दुकानदाराने तशीच छापली की रंग मरतो, जास्वंदीचं बहुतेक तेच झालं असणार. ए३ ला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण ३५०० बाय ५००० पिक्सेल लागतात, तुमच्या २४ मेगापिक्सेलमध्ये थोडं क्रॉप करूनही बसेल. कागद मॅट किंवा लस्टर (कमी चमकीचा) घ्या, ग्लॉसीवर खिडकीचा उजेड चमकतो आणि पलंगावर बसून बघताना निम्मं फूल दिसत नाही. आणि आधी ४ बाय ६ चा एक टेस्ट प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नको.

सावरीचा कापूस:
मुंगळावालाच प्रिंट करा. आणि रविवारपर्यंत आहात तर उद्या खाली पडलेल्या सड्याचा पण एक घ्या, अगदी जमिनीला टेकून, बाबांना झाडाखाली बसल्यासारखं दिसेल असा.