भूक, क्षुधा आणि 'नियंत्रण'

'मेंदूतील चेतापेशी भुकेवर व रक्तशर्करेवर नियंत्रण ठेवतात' असे वाक्य पाठ्यपुस्तकी लेखनात नेहमी आढळते. त्यातला एकही शब्द अशुद्ध नाही, तरीही मी त्यात दोनदा अडखळतो.

पहिली अडखळ 'भूक' या शब्दाशी. तो फार घरगुती वाटतो म्हणून काही जण 'क्षुधा' लिहितात, तर काही जण पोट रिकामे असल्याच्या जाणिवेला 'भूक' आणि खाण्याच्या इच्छेला 'क्षुधा' अशी वाटणी करतात. व्युत्पत्ती मात्र या वाटणीच्या विरुद्ध साक्ष देते. 'भूक' आला 'बुभुक्षा'पासून, प्राकृतातील 'भुक्खा'मार्गे. आणि बुभुक्षा म्हणजे खाण्याची इच्छाच, जशी पिपासा म्हणजे पिण्याची. तेव्हा इच्छेचा अर्थ घरगुती शब्दातच मुरलेला आहे. शिवाय मराठी हा भेद नामाने नव्हे, तर क्रियापदाने दाखवते: भूक लागते, चाळवते, खवळते, भागते, मरते.

यातल्या 'चाळवणे'पाशी थोडे थांबायला हवे. मेंदूच्या खालच्या भागातील अधश्चेतकाच्या, म्हणजे हायपोथॅलॅमसच्या, तळाशी 'एजीआरपी' नावाच्या चेतापेशी असतात. प्राणी उपाशी असला की त्या सक्रिय होतात आणि त्याला अन्न शोधायला लावतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, अन्न नुसते समोर आल्यावर, पहिला घास घेण्याआधीच, या पेशींची सक्रियता झपाट्याने घसरते. आपण म्हणतो, ताट पाहून भूक चाळवली. इथे तर ताट पाहून पेशी शांत होतात! म्हणून त्यांना सरसकट 'भुकेच्या पेशी' म्हणणे मला घाईचे वाटते.

दुसरी अडखळ 'नियंत्रण'. या शब्दात हुकूम देणारा एक आणि मुकाट ऐकणारा दुसरा, असे चित्र आहे. प्रत्यक्षात मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन (त्याचा शोध १९९४चा) आणि स्वादुपिंडातून येणारे इन्शुलिन याच चेतापेशींना शरीरातील साठ्याची खबर देत असतात. काही चेतापेशी ग्लुकोज वाढल्यावर अधिक सक्रिय होतात, काही ते घटल्यावर, आणि त्यांचे संदेश स्वायत्त (आपल्या इच्छेविना चालणाऱ्या) चेतासंस्थेमार्फत यकृत व स्वादुपिंडापर्यंत पोहोचतात. मेंदूचा साखरेशी असा संबंध आहे हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच दाखवले होते: सशाच्या मेंदूत एका ठरावीक जागी सुई टोचल्यावर त्याच्या मूत्रात साखर उतरली. ज्या व्यवहारात खबर आणि प्रतिसाद दोन्ही बाजूंनी चालतात, त्याला 'नियमन' हाच शब्द शोभतो. 'नियंत्रण' औषधाने किंवा पथ्याने बाहेरून आणलेल्या मर्यादेसाठी राखून ठेवावा.

राहिली 'रक्तशर्करा'. शर्करेचा एक जुना अर्थ खडी किंवा कंकर असा आहे, आणि 'साखर' तिचेच रूप. शब्द रुळलेला असल्याने चालू द्यावा. परंतु जिथे पेशी नेमके काय ओळखतात हे सांगायचे असेल, तिथे सरळ 'रक्तातील ग्लुकोज' लिहावे.