मदत हवी आहे: जुन्या गोव्याच्या नगरचिन्हातलं चाक

मंडळी, गोव्यातल्या दिवाडी बेटावर मामाच्या घरी अंगणातलं जुनं जोतं उकरताना एक दगड सापडला. त्यावर चाक कोरलंय, आणि धावेला बाहेरून टोकदार दाते आहेत. मामी त्याला रथाचं चाक समजून हळदकुंकू वाहते. मला मात्र नदीपलीकडचं जुनं गोवें आठवलं.

पोर्तुगीज काळात गोवा शहराच्या, म्हणजे आजच्या जुन्या गोव्याच्या, चिन्हात संत कॅथरीन या ख्रिस्ती संत स्त्रीचं चाक होतं. पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकर्कने 1510 मध्ये शहर घेतलं, मे महिन्यात ते हातचं गेलं, आणि 25 नोव्हेंबरला त्याने पुन्हा जिंकलं. तो दिवस कॅथरीनच्या सणाचा. कथा अशी, की तिला खिळ्यांच्या चाकावर मारायचं ठरलं, पण तिचा स्पर्श होताच चाकच मोडलं. शेवटी तिचा शिरच्छेद झाला. छळाचं हत्यारच तिची खूण बनलं, आणि ती खूण जिंकणाऱ्यांनी शहराला दिली. ज्यांचं शहर गेलं त्यांना ते चाक बघून काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता विचारायचं ते हे. दाते असले म्हणजे ते कॅथरीनचंच चाक, की नुसती नक्षीही तशी असू शकते? शेजारी पाच छोट्या ढाली किंवा किल्ले, म्हणजे पोर्तुगालची राजखूण, असायलाच हवी का? आमच्या दगडाची एक बाजू फुटलेली आहे. तुमच्या गावात, जुन्या घरावर किंवा विहिरीवर असं चाक असेल तर कृपया फोटो टाका. आणि दगडावरचं तेल-कुंकू इजा न करता कसं काढायचं? मामीला विचारूनच हात लावणार आहे.