ठिपका दिसला म्हणून एरिया सोडू नका, आधी क्लिक करा
वर कोणीतरी लिहिलंय की न्यू जर्सीत घर बघताना ईपीएच्या (अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या) 'क्लीनअप्स इन माय कम्युनिटी' नकाशावर जवळ प्रदूषित जागेचा ठिपका दिसला की तो एरियाच सोडायचा, मला हे अजिबात पटत नाही. सुपरफंड साइट्स, म्हणजे केंद्र सरकारच्या सफाई यादीतल्या सगळ्यात प्रदूषित जागा, सगळ्यात जास्त न्यू जर्सीतच आहेत, तिथल्या एडिसन गावातही जुन्या कीटकनाशक कारखान्याची जागा आहे, मातीत आर्सेनिक होतं, पण म्हणून सगळं एडिसन वाईट ठरत नाही ना. ठिपक्यावर क्लिक करून साइटचं पान उघडा, काय सापडलं, माती काढली का, भूजलाचं काय ते बघा, आणि जिथे दूषित माती तशीच झाकून ठेवलीय तिथे दर 5 वर्षांनी रिव्ह्यू करावाच लागतो, तो रिपोर्ट तर नक्की वाचाच. राज्याच्या डीईपीचा, म्हणजे पर्यावरण खात्याचा, नकाशा वेगळा आहे, जुन्या पेट्रोल पंपांच्या गळक्या टाक्यांसारख्या छोट्या जागा तिथे सापडतात.